बोटीला इंजिन किती एचपीचे?



नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी फिरत्या दवाखान्याची बोट घ्यायची, हा विचार आपल्यापुढे मांडल्यापासून अनेकांनी देणगीबरोबर एकच प्रश्न विचारला आहे : इंजिन केवढे घेणार? समितीच्या सभेत एक ज्येष्ठ काका म्हणाले, “घ्यायचेच तर ६० एचपीचे घ्या. आदिवासींसाठी म्हणून हलके नको.” त्यांची भावना मला पटते, हिशेब मात्र पटत नाही. पैसा आपल्या सर्वांचा आहे, म्हणून तो हिशेब इथे लिहितो.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला बोट म्हटले की पैठणचा नाथसागर आठवतो. पण आपली बोट जाणार आहे नंदुरबार जिल्ह्यात, सरदार सरोवराच्या पाण्यात. या धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, भिल्ल व पावरा लोकांची. डोंगराचे माथे राहिले, मधल्या वाटा पाण्याखाली गेल्या. त्यामुळे मणिबेली, चिमलखेडी या बाजूला कित्येक पाड्यांना होडी हाच रस्ता आहे. शासनाचे तरंगते दवाखाने तिथे आहेत. तरीही दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवशी कोणी आजारी पडले की घरचे लोक होडी शोधत फिरतात.

आपण पाहत असलेली बोट पाँटून जातीची आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब बंद नळकांड्यांवर सपाट फळी आणि वर छप्पर. ती सहसा कलंडत नाही, स्ट्रेचर सपाट राहते आणि म्हाताऱ्या माणसालाही चढता येते. दोष एकच, आणि तो मोठा आहे. छप्पर आणि बाजूचे पडदे वारा शिडासारखे धरतात.

गेल्या पावसाळ्यात हे मी डोळ्यांनी पाहिले. अशीच एक बोट आम्ही काही दिवसांसाठी मागून घेतली होती. तिला इंजिन १५ एचपीचे होते. सकाळी रिकामी जाताना तिने छान काम केले. दुपारी परतताना बोटीत बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली एक बाई, तिची सासू, दाई, आमच्या सिस्टर आणि आणखी पाच जण होते. समोरून वारा सुटला. इंजिन पूर्ण जोरात असूनही काठावरचे सागाचे झाड बराच वेळ जागचे हलेना. सिस्टर दोनदा म्हणाल्या, “दादा, अजून जोरात घ्या ना.” चालकाने उत्तर दिले नाही. उरलेच नव्हते. तासाभराच्या वाटेला जवळजवळ तीन तास लागले. बाळ बोटीतच जन्मले. आईला फार रक्तस्राव झाला, ती वाचली. त्या दिवसापासून “लहान इंजिनवर भागेल” असे कोणी म्हटले की मी गप्प बसत नाही.

म्हणून पहिला हिशेब वजनाचा, आणि तोही परतीच्या फेरीचा. आपली बोट २२ फुटी आहे. सांगाडा, फळी आणि छप्पर मिळून साधारण ८०० किलो. दहा माणसांचे ६५० किलो. इंजिन, बॅटरी आणि पेट्रोल यांचे पावणेदोनशे. औषधांच्या पेट्या, ऑक्सिजन सिलिंडर, स्ट्रेचर यांचे शंभरेक. बेरीज सव्वासतराशेच्या आसपास जाते. आपली दोन नळकांडी पूर्ण बुडाली तर सुमारे ३,८०० किलो पेलतील. पण निम्म्याहून जास्त बुडू द्यायची नाहीत, म्हणजे खरी मर्यादा १,९०० किलो. अकरावा आणि बारावा माणूस चढवला की संपले, मग इंजिन कितीही मोठे असो. त्यात मोठे इंजिन स्वतःही जड असते आणि ते सगळे वजन मागच्या टोकाला येते.

दुसरा हिशेब पेट्रोलचा. आजच्या फोर स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनाला पूर्ण वेगात दर १० एचपीमागे तासाला पावणेचार ते चार लिटर लागतात. आपली फेरी जाऊन-येऊन ४० किलोमीटरची. ६० एचपी पूर्ण जोरात ताशी तीसच्या आसपास पळवले तर फेरीला तीस लिटर जातील. ४० एचपी पाऊणभर जोरात चालवले तर ताशी अठराच्या वेगाने वीस लिटर. आता गंमत पाहा. १० एचपीचे इंजिन नऊच्या वेगाने साडेचार तास रडतखडत चालवले तरी सतरा लिटर लागतातच! लहान इंजिनाने पेट्रोल वाचते हा गैरसमज इथे संपतो. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर ४० आणि ६० मधला फरक वर्षाला हजार लिटरचा आहे. इंजिन एकदाच घ्यायचे असते, पेट्रोल दर सोमवारी.

हे आकडे शांत पाण्याचे आहेत. वाऱ्यात ४० एचपीला पाव हिस्सा जोर हाती राहतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे.

एचपीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे इंजिनाचा दांडा. साध्या बोटींना २० इंची दांडा चालतो. काही पाँटूनना २५ इंची लागतो. दांडा आखूड पडला तर लाटेत पंखा वर येऊन हवा ओढतो, इंजिन नुसते किंचाळते आणि बोट ढिम्म हलत नाही. पंखाही मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा हवा. म्हणजे तो वेग कमी देतो पण ओढ जास्त. जड बैलगाडीला शर्यतीचे बैल जुंपत नाहीत, तसेच हे. काही कंपन्या याच कामासाठी मोठ्या गिअरकेसचे ४० एचपी बनवतात. आपण तेच मागितले आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरते आणि बुडालेल्या झाडांची खोडे वर येतात. पंखा त्यांच्यावर आपटणार हे धरूनच चालायचे. म्हणून एक जादा पंखा बोटीत ठेवायचा, आणि ६० एचपीचे जे पैसे वाचतील त्यांतून ९.९ एचपीचे दुसरे इंजिन, वेगळ्या टाकीसह. मोठे बंद पडले तर ते निदान जवळच्या काठापर्यंत नेईल. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ प्रमाणे नोंदणीचे कागद आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, यांवर काटकसर नाही.

चाचणी नाथसागरावर घ्या, असे काहींनी सुचवले. पण ते पक्षी अभयारण्य आहे, तिथे मनाला येईल तशी मोटरबोट पळवता येत नाही. विक्रेत्याकडेच चाचणी होईल. मी अट घातली आहे की बोटीत वाळूची पोती भरून वजन पूर्ण करायचे आणि दुपारी, वाऱ्यासमोर चालवायची. त्या भारात ताशी पंधराचा वेग मिळाला नाही तर ५० एचपीचा भाव मागवू. किती वेग मिळाला, किती पेट्रोल लागले, ते पुढच्या अंकात कळवतो.