पासआउट म्हणजे नेमकं काय?

'ती गेल्या वर्षी पासआउट झाली' हे वाक्य आपल्या कॅम्पसवर कुणालाच खटकत नाही. लंडनमध्ये मात्र ऐकणारा विचारेल, 'मग शुद्धीवर कधी आली?' तिथे रोजच्या बोलण्यात 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन बेशुद्ध पडणं. 'पास आउट द पेपर्स' म्हटलं, तर पेपर वाटणं. या अर्थाला कर्म लागतं, आणि ते मध्येही बसतं: 'पास द पेपर्स आउट'.

मग आपला अर्थ चूक? मला नाही तसं वाटत. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पूर्ण करणं म्हणजे पास आउटच. खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड त्याच वळणाची. कॉलेजात हा शब्द बहुधा तिथूनच आला असावा.

खरा घोळ घालतो तो 'फ्रॉम'. 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' आणि 'पास्ड आउट फ्रॉम द हीट', इंग्रजीत दोन्हीकडे शब्द तोच. मराठीत 'कॉलेजातून' आणि 'उन्हाने', प्रत्ययच काय ते सांगून टाकतो! तेव्हा परदेशी विद्यापीठाच्या किंवा स्कॉलरशिपच्या अर्जात 'पास्ड आउट इन २०२४' नको, सरळ 'ग्रॅज्युएटेड इन २०२४' लिहा. कँटीनमध्ये पासआउट चालेल.