आगबोटीची वाट : मिसिसिपी आणि वाशिष्ठी

नदीकाठी संस्कृती जन्माला आली, असे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. परंतु नदी ही माणसाची पहिली सडकही होती, ही गोष्ट पुण्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्या मुळा-मुठेच्या पात्रातून ना कधी मालाच्या बोटी चालल्या, ना उतारूंच्या. त्यामुळे अमेरिकेच्या इतिहासात आगबोटीला एवढे पानोपान स्थान का दिलेले असते, याचे आपल्या वर्गात पुष्कळांना नवल वाटते. मला मात्र तो भाग वाचताना परकेपणा वाटला नाही. आमचे घराणे मूळचे दाभोळ खाडीच्या काठचे. आमच्या घरातून कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिलीच. पण आगबोटीची विद्या आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे. माझे आजोबा तरुणपणी दाभोळच्या बंदरात पडावावर होते.

आधी आगबोट म्हणजे काय, ते पाहू. शिडाचे गलबत वाऱ्याच्या मर्जीने चालते. नदीत तर वाऱ्याबरोबर प्रवाहही आडवा येतो. उतारावर माल वाहून नेणे सोपे, पण तेच गलबत चढावर आणायचे म्हणजे माणसांनी काठावरून दोर ओढायचे किंवा बांबू रोवून ते ढकलायचे. आगबोटीत पाणी तापवून वाफ करतात, ती वाफ दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवितो. जुन्या बोटींना बाजूला किंवा मागे पाणचक्कीसारखी मोठी चाके असत. पुढे पाण्याखालचा पंखा आला. वारा असो वा नसो, प्रवाह इकडचा असो वा तिकडचा, बोट ठरलेल्या दिवशी निघते आणि साधारण ठरलेल्या वेळी पोहोचते. माणसाच्या व्यवहारात 'वेळापत्रक' ही वस्तू आणण्यात आगबोटीचा वाटा फार मोठा आहे.

ऑगस्ट १८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टनने हडसन नदीवर न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे सुमारे १५० मैलांचे अंतर आपल्या आगबोटीने ३२ तासांत काटले. त्याच्यामागे पैसा आणि वजन होते ते लिव्हिंग्स्टन या जमीनदार घराण्याचे. न्यूयॉर्क राज्याच्या पाण्यात आगबोट चालविण्याचा मक्ता या दोघांनी मिळविला. म्हणजे नदी सर्वांची, पण तिच्यावरून वाफेने जाण्याचा हक्क एका घराण्याचा! हा मक्ता मोडला तो १८२४ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. त्या दाव्यातल्या मक्त्याविरुद्धच्या बाजूने जो बोट चालवीत होता, तो कर्नेलियस व्हँडरबिल्ट मूळचा एक साधा तरीवाला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने शिडाच्या होडीतून माणसे पलीकडे पोहोचविण्याचा धंदा सुरू केला होता. पुढे तो आगबोटींचा मालक झाला आणि शेवटी काळाचा वारा ओळखून रेल्वेत शिरला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खरा चमत्कार झाला तो मिसिसिपीवर. १८११ साली 'न्यू ऑर्लिअन्स' नावाची पहिली आगबोट पिट्सबर्गहून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून खाली निघाली आणि १८१२ च्या जानेवारीत आपल्याच नावाच्या शहरी पोहोचली. त्याआधी न्यू ऑर्लिअन्सहून प्रवाहाविरुद्ध लुईव्हिलला जायला तीन-चार महिने लागत. १८१५ साली आगबोटीने ते २५ दिवसांवर आणले, आणि १८५३ साली एका बोटीने ते अंतर पाच दिवसांच्या आत तोडले. नदीकाठचे मळे, बाजार आणि गावे या बोटींवर वाढली. पण या वैभवाच्या तळाशी काय होते, तेही सांगितले पाहिजे. बोटींवर रचलेल्या कापसाच्या गासड्या गुलामांच्या कष्टातून आलेल्या होत्या. बोटीवर लाकूड फोडणाऱ्या, भट्टीत लाकडे घालणाऱ्या हातांतही पुष्कळ हात गुलामांचेच होते.

आणि इथेच मिसिसिपीचा धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेला जाणे अडले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. देशावरचा माल त्या काळी बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरे. चिपळूणजवळचे गोवळकोट हे वाशिष्ठी नदीवरचे बंदर. तिथून माल खाडीने दाभोळला आणि दाभोळहून समुद्राने मुंबईला जाई. वाशिष्ठीची लांबी शंभर किलोमीटरसुद्धा नाही. मिसिसिपीच्या मानाने ती एक ओहोळच. पण कोकणच्या त्या भागाची ती राजरस्ता होती.

एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या. जुनी माणसे 'शेफर्ड कंपनीच्या बोटी' म्हणतात त्या याच. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा अंमल आला. मुंबईहून निघालेली मोठी बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई, आणि चिपळूणच्या उतारूंना दाभोळहून खाडीतून वर नेण्यासाठी लहान आगबोट असे. पावसाळ्यात ही वाहतूक थांबे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला की बोट 'सुरू होई' आणि तिच्याबरोबर चाकरमान्यांच्या मनिऑर्डरी, पत्रे आणि माणसे येऊ लागत. गिरणीतल्या कोकणी कामगाराच्या दृष्टीने मुंबई आणि घर यांना बांधणारी गोष्ट एकच : आगबोट.

मोठी बोट धक्क्याला लागत नसे. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, म्हणून ती खोल पाण्यात नांगरे. तिथून उतारूंना काठावर आणायचे काम पडावांचे. आजोबा सांगतात, लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी बाईच्या कडेवरचे मूल घ्यायचे. क्षणभर उशीर झाला की पडाव चार हात खाली गेलेला असतो! पाणी किती आहे ते ते बांबूने आणि दोरीने पाहत. दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव, सुमारे सहा फूट. गंमत अशी की मिसिसिपीवरचे खलाशीही पाणी वावेनेच मोजीत. दोन वाव पाणी असले की बोटीला धोका नाही, अशी आरोळी ते ज्या शब्दांत देत, तेच शब्द सॅम्युअल क्लेमेन्स या लेखकाने आपले टोपणनाव म्हणून घेतले. ते नाव मार्क ट्वेन. १८५९ साली त्याला मिसिसिपीवर बोटीचा वाटाड्या म्हणून परवाना मिळाला होता. हाच लेखक १८९६ च्या जानेवारीत बोटीने मुंबईला उतरला होता. दोन वावांची ती आरोळी जगभर गेली. आमच्या बंदरातल्या तांडेलांनी आयुष्यभर दिलेल्या आरोळ्या खाडीच्या वाऱ्यावरच राहिल्या.

परदेशी कंपनीच्या बोटींना स्वदेशी उत्तरही मिळाले. स्वदेशी चळवळीच्या काळात इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. या नावातच केवढा जिव्हाळा आहे! तिच्या बोटींची नावेही संतांची : 'तुकाराम', 'रामदास', तशीच 'सेंट झेवियर'. परंतु मालकी स्वदेशी झाली म्हणून समुद्र दया दाखवीत नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना सहाशेंहून अधिक माणसे तासाभराच्या वाटेवर प्राणास मुकली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ उजाडावी लागली. तोवर जे वाचले त्यांतले पुष्कळसे रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून वाचविलेले होते.

अमेरिकेतही असेच घडले होते. २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ 'सुलताना' या बोटीची बाष्पपात्रे फुटली. ३७६ माणसांचा परवाना असलेल्या बोटीत दोन हजारांहून अधिक माणसे भरलेली होती. युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले ते सैनिक होते. सैनिकामागे ठराविक भाडे सरकारकडून मिळणार, म्हणून एवढी गर्दी केली गेली. बाष्पपात्राची डागडुजी घाईत उरकलेली होती. अकराशेंहून अधिक माणसे गेली. दोन देश, दोन काळ, पण पाण्यावर गेलेले प्राण सारखेच : घराकडे निघालेल्या गरीब माणसांचे.

मग आगबोट संपली कशाने? अपघातांनी नव्हे. १८५६ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीवर रॉक आयलंड येथे पहिला रेल्वेपूल खुला झाला. दोनच आठवड्यांत 'एफी ॲफ्टन' ही आगबोट त्याच्या खांबावर आदळून जळाली. बोटमालकाने दावा लावला. पुलाच्या बाजूच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पूल राहिला. बोटवाल्यांचे म्हणणे, नदीच्या लांबीने जाण्याचा आमचा हक्क मोठा. रेल्वेचे म्हणणे, नदीच्या रुंदीने जाण्याचा आमचाही हक्क तेवढाच. मला वाटते, आगबोटीचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत आहे. जोवर माणसे पाण्याच्या लांबीने जातात तोवर नदी हा रस्ता असतो. ज्या दिवशी ती रुंदीने जाऊ लागतात, त्या दिवसापासून तीच नदी रस्त्यातला अडथळा ठरते.

कोकणात हेच थोडे उशिरा झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई-गोवा मार्गावर चौगुले कंपनीच्या 'रोहिणी' आणि 'सरिता' धावल्या, पुढे सरकारी बोटी आल्या. पण एस. टी. आणि मालमोटार दारापर्यंत येऊ लागल्यावर पडावात उतरायला कोण जाणार? १९८० नंतरच्या दशकात ती सेवा बंद पडली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. दाभोळचे बंदर, जिथून एके काळी रशियन प्रवासी अफनासी निकितीन परतीच्या गलबतात बसला होता, ते सडकेच्या टोकावरचे आडगाव झाले. आजोबांनी पडाव विकला आणि माझे वडील कामासाठी घाट चढून पुण्यास आले. आमच्या कुटुंबाचे पुण्यात असणे, हाही आगबोटीच्या इतिहासाचाच एक तुकडा आहे.

मात्र कथा इथेच संपत नाही. २००३ साली दाभोळच्या डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या सुवर्णदुर्ग शिपिंग या कौटुंबिक कंपनीने दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू केली. सपाट पृष्ठाच्या या बोटीवर माणसांबरोबर मोटारी आणि मालमोटारीही चढतात. चिपळूणमार्गे पडणारा लांबचा वळसा त्यामुळे वाचतो. पुढे जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला अशा इतर खाड्यांवरही या कंपनीच्या बोटी सुरू झाल्या. ही बोट खाडीच्या रुंदीने जाते. सडकेने जिला अडथळा ठरविले, त्या खाडीवर तिने सडकेचाच एक तुकडा तरंगता केला आहे.

लांबीची वाट मात्र विसरली गेली. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा वाशिष्ठीत साचलेल्या गाळाची चर्चा साऱ्या महाराष्ट्रात झाली आणि लोकांना गाळ काढण्यासाठी आंदोलन करावे लागले. ज्या पात्रातून रोज बोट न्यायची असते, त्याची खोली कोणी ना कोणी रोज मोजतो. मोजणारा गेला की खोली किती उरली, हे पूर येईपर्यंत कळत नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत फुल्टन, लिव्हिंग्स्टन, व्हँडरबिल्ट यांची नावे असतात, आणि असावीतही. धाडस आणि भांडवल यांवाचून बोट पाण्यात उतरत नाही. पण कोणत्या भरतीला कुठे किती वाव पाणी असते, हे ज्यांना अंधारातही सांगता येई, ते तांडेल आणि खलाशी अजून आपल्यात आहेत. त्यांतले बहुतेक आता ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या कॉलेजात कोकणातून आलेली मुले-मुली थोडीथोडकी नाहीत. या सुटीत प्रत्येकाने आपल्या बंदरातल्या एका म्हाताऱ्याजवळ वही-पेन्सिल घेऊन बसावे आणि त्याला एवढेच विचारावे : बोट कुठे नांगरत असे, आणि तिथे पाणी किती वाव होते?