हसणारा देव आणि प्रश्न विचारणारा माणूस : तैपेईचं लोंगशान मंदिर

(व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण कन्फ्यूशियस आणि लाओ त्झू यांच्या विचारांबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे झालं ग्रंथांतलं, पण साधा चिनी माणूस देवळात जाऊन नेमकं करतो काय? आज त्याबद्दल बोलू.

चिनी लोकधर्माची पहिली अडचण अशी, की त्याला स्वतःचं नावच नाही. 'लोकधर्म' हे अभ्यासकांनी दिलेलं नाव. त्याला कोणी संस्थापक नाही, एकच असा ग्रंथ नाही, दीक्षा नाही. सी. के. यांग या समाजशास्त्रज्ञाने 1961 साली चिनी समाजातल्या धर्मावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक फार उपयोगी भेद केला आहे. काही धर्म संस्था म्हणून वेगळे उभे असतात. काही मात्र घर, गाव, धंदा, राज्यव्यवहार यांच्यात मुरलेले असतात. भाजीतलं मीठ वेगळं काढून दाखवता येत नाही, तसं. म्हणून व्याख्या बाजूला ठेवू आणि सरळ एका देवळात जाऊ.

देऊळ आहे तैवानची राजधानी तैपेई इथे, वानह्वा या जुन्या वस्तीत. नाव लोंगशान, म्हणजे 'नागपर्वत', चिनी ड्रॅगनचा डोंगर. स्थापना 1738. समोरच्या चीनच्या किनाऱ्यावर फुजियान प्रांत आहे. तिथल्या जिनज्यांग, नानआन आणि हुईआन या तीन भागांतले लोक समुद्र ओलांडून इथे वस्तीला आले. मधली सामुद्रधुनी इतकी धोक्याची, की तिला 'काळं पाणी' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आपल्याकडेही हा शब्द होता, बरं का. येताना लोकांनी गावच्या, म्हणजे आनहायच्या लोंगशान मंदिरातल्या देवीचा अंश आणला. याची रीत अशी, की मूळ देवळातल्या धुपाटण्याची राख घ्यायची आणि नव्या देवळाच्या धुपाटण्यात मिसळायची. शेजारच्या घरून विस्तव आणून आपली चूल पेटवावी, तसा हा प्रकार. असा देवळादेवळांचा गोतावळा तयार होतो. मुलगी माहेरी जावी तशा लेकी-देवळांच्या मूर्ती मूळ देवळाला भेटायला जातात.

मुख्य गाभाऱ्यात आहे ग्वानयिन. ही आपल्याला अनोळखी नाही. हा आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. औरंगाबादच्या 7 क्रमांकाच्या लेण्यात गेलात, तर तिथे अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत. आग, दरोडेखोर, साप, हत्ती, आणि बुडणारं जहाज. व्यापारी आणि प्रवासी ज्याचा धावा करत, तो हा देव. चीनमध्ये साधारण दहाव्या ते बाराव्या शतकांत त्याचं स्त्रीरूप रूढ होत गेलं. रूप बदललं, काम तेच राहिलं. बुडणाऱ्या जहाजातल्या माणसाला हाकेला ओ देणारं कोणीतरी हवं असतं.

मागच्या दालनात मात्र बौद्ध धर्माशी मुळात संबंध नसलेली दैवतं आहेत. मात्सू ही समुद्राची देवी. परंपरा सांगते, की ती 960 साली फुजियानच्या किनाऱ्यावर जन्मलेली, लिन आडनावाची मुलगी. ग्वान यू हा सेनापती, इ.स. 220 च्या सुमारास मारला गेलेला, निष्ठेचा आदर्श. मुंबईत माझगावला जे छोटं चिनी देऊळ आहे, तिथेही हाच ग्वान यू पुजला जातो. शिवाय परीक्षा देणाऱ्यांचा वेनचांग, लग्नं जुळवणारा म्हातारा युए लाओ, मुलं देणारी देवी. बौद्ध कोण, ताओवादी कोण, ही विचारणा तिथे कोणी करत नाही. यांतली काही दैवतं एके काळी हाडामांसाची माणसं होती, आणि लोकांच्या अनुभवातून, पुढे सम्राटांनी पदव्या दिल्यामुळे, ती देवपदाला चढली.

आता हे सगळं फार गोड वाटायला नको. 1853 मध्ये याच वस्तीत स्थलांतरितांच्या दोन गटांत रक्तरंजित मारामारी झाली. लोंगशानच्या तीन भागांतले लोक एका बाजूला, तोंगआनचे दुसऱ्या बाजूला. हरलेले लोक आपला नगरदेव घेऊन नदीकाठाने उत्तरेला गेले आणि तिथे त्यांनी दादाओचंग ही नवी पेठ वसवली. देऊळ आधार देतं, तसंच आपला कोण आणि परका कोण हेही ठरवतं. हा इतिहास विसरून लोकधर्माचं कौतुक करू नये. पुढे 1945 च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात मुख्य दालन जळालं, पण ग्वानयिनची मूर्ती टिकली. दालन पुन्हा बांधलं गेलं. आज दिसतं ते देऊळ असं पडत-उठत आलेलं आहे.

तुम्ही गेलात तर उजव्या हाताच्या दाराने आत जा आणि डाव्या हाताच्या दाराने बाहेर या. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. हे आपल्याला सांगावं लागत नाही. उदबत्ती शोधू नका. हवेच्या प्रदूषणामुळे धुपाटणी कमी करत करत 2020 पासून तिथे उदबत्त्या लावणं बंद झालं आहे. लोक नुसते हात जोडतात.

आणि मग एक आवाज ऐकू येतो. फरशीवर लाकूड पडल्याचा. खट्ट.

तो आवाज कसला? चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. फुजियानच्या बोलीत त्यांना 'पोए' म्हणतात. माणूस देवासमोर उभा राहून आधी आपलं नाव सांगतो, जन्मतारीख सांगतो, राहण्याचा पत्ता सांगतो. मग प्रश्न सांगतो आणि तुकडे खाली टाकतो. एक सपाट आणि एक फुगीर पडला, तर उत्तर 'हो'. दोन्ही फुगीर बाजू वर, तर 'नाही'. दोन्ही सपाट बाजू वर आल्या, तर देव हसला.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला पाकळ्या लावतो, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. फरक दोन आहेत. तिथे मधे गुरव लागत नाही, माणूस स्वतः विचारतो. आणि तिथे हे तिसरं उत्तर आहे, देवाचं हसू.

देव का हसतो? लोक सांगतात, प्रश्नच नीट विचारला नाहीस म्हणून. किंवा उत्तर तुला ठाऊक आहे, मला कशाला विचारतोस, म्हणून. मग माणसाला प्रश्न पुन्हा मांडावा लागतो. मी तिथे एका बाईंना पाहिलं. शब्द कळत नव्हते, पण प्रत्येक वेळी त्या तुकडे उचलत, बराच वेळ थांबत, ओठ हलवत, आणि मगच टाकत. महत्त्वाच्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात. ढोबळ हिशेब केला, तर एका होकाराची शक्यता निम्मी, तीन लागोपाठची आठात एक. म्हणजे बहुतेक वेळा तुम्हाला अडखळावं लागतं, आणि अडखळलं की विचार करावा लागतो.

माझ्या मते या देवळात पाहण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. 'तुमचा देवावर विश्वास आहे का?' हा प्रश्न इथे फारसा उपयोगी नाही. इथे महत्त्व आहे ते प्रश्न विचारण्याच्या शिस्तीला. 'आईला माझ्याकडे आणू का?' असं विचारलं आणि देव हसला, तर आपण स्वतःशी म्हणतो, की मला खरं काय विचारायचंय? आणू का, हे? की आणलं नाही तर मी वाईट मुलगा ठरेन का, हे?

चीनमध्ये या विषयावर विचार झालेला आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात शुन्झ् नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. पावसासाठी विधी केला आणि पाऊस आला, याचा अर्थ काय, यावर त्याचं म्हणणं असं, की काहीही नाही, विधी न करताही तो आला असता. तरीही विधी टाकून द्या असं तो म्हणत नाही. मोठे निर्णय कौल घेऊन करावेत, कारण त्यातून प्रसंगाला आकार आणि गांभीर्य येतं. जाणता माणूस त्याला संस्कृती समजतो, इतर लोक त्याला देवाचं काम समजतात. गंमत अशी, की देवळात दोघंही शेजारी उभे असतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

इथे श्रोत्यांमधून प्रश्न आला, की ही अंधश्रद्धाच नाही का? प्रश्न योग्य आहे, टाळणार नाही. डॉक्टरकडे जायच्या ऐवजी कोणी कौल लावत बसलं, तर ते घातक आहे, मग देऊळ तैपेईचं असो की कोकणातलं. गुरवाच्या हातून एखाद्याला वाळीत टाकण्यासाठी कौल वापरला गेला, तर तो अन्याय आहे. मी एक कसोटी वापरतो. विधी झाल्यावर माणूस आपल्या निर्णयाची जबाबदारी जास्त घेतो की कमी? 'देवाने सांगितलं, मी काय करू' असं म्हणत तो बाहेर पडला, तर विधीने त्याचं नुकसान केलं. स्वतःचा प्रश्न त्याला स्वच्छ दिसायला लागला असेल, तर त्या लाकडाच्या तुकड्यांनी एका चांगल्या शिक्षकाचं काम केलं. एकाच देवळात, एकाच दिवशी, दोन्ही गोष्टी घडतात. बाहेरून पाहून सरसकट निकाल देऊ नये.

तेव्हा गेलात, तर कोपऱ्यात थोडा वेळ उभे राहा. तुकडे टाकणाऱ्यांचे फोटो मात्र काढू नका, तो त्यांचा खासगी प्रश्न असतो.

पुढच्या वेळी घरातल्या देव्हाऱ्याकडे वळू. तिथे देवांच्या शेजारी पूर्वज बसलेले असतात, आणि त्यांच्याशी बोलण्याची रीत वेगळी आहे.