दीडशे क्रोनांची सुरुवात

२० जून १९९२ रोजी एस्टोनियाने रूबल मोडीत काढून स्वतःचं क्रोन हे चलन आणलं. माणशी १५०० रूबलच दहास एक या दराने बदलून मिळाले. म्हणजे हातात आले जेमतेम १५० क्रोन. आठ क्रोनांना एक जर्मन मार्क हा दर पक्का बांधल्यामुळे सरकारला मनाला येईल तशा नोटा छापता येईनात, आणि महागाई आटोक्यात येत गेली. या धाडसाचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण झळ पेन्शनरांना बसली, आणि नार्व्हासारख्या कापडगिरणीच्या गावातल्या रशियन भाषकांनाही. शिवाय त्यांच्यापैकी सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्यांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही; अनेकांच्या हाती करड्या रंगाचा परकीयांचा पासपोर्ट आला. त्यावर संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही.