औषध पोहोचविणारी माणसे

वर्गात क्षयरोगाचा धडा शिकविताना आम्ही मुलांना एक गोष्ट नेहमी बजावतो : बरे वाटू लागले म्हणून औषध सोडू नये. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात. चिवट उरतात आणि त्यांचीच वाढ होते. मग नेहमीची औषधे त्या रोग्यास लागू पडत नाहीत. असे सर्वाधिक रोगी आज आपल्याच देशात आहेत.

असा रोगी गरीब वस्तीत बरा होऊ शकेल काय? पेरू देशात, लिमा शहराच्या उत्तरेकडील काराबाय्यो भागात, १९९६ साली या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आरंभ झाला. 'सोसिओस एन सालुद' या तेथील संस्थेच्या पाठीशी अमेरिकेतील डॉ. पॉल फार्मर व डॉ. जिम किम होते. हा महागडा उपचार गरीब देशांस झेपणार नाही, असेच त्या काळी बहुतेक तज्ज्ञ मानीत. पहिल्या ७५ रोग्यांपैकी ६६ जणांनी चार महिने वा अधिक उपचार घेतले आणि त्यांतील ५५ जण बरे झाल्याचे मानले गेले. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

हे साधले कसे? परदेशातील डॉक्टर येत आणि जात. रोज रोग्याच्या घरी जाणाऱ्या परिचारिका व आरोग्यसेवक मात्र तेथलेच होते. ही औषधे दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागत. त्यांनी मळमळ होते, कधी ऐकू येईनासे होते, कधी मन खचते. रोगी औषध सोडण्याच्या बेतात आहे, हे ओळखणार कोण? दारात रोज उभा राहणाराच.

म्हणून या सेवकास सांभाळणे हा उपचाराचाच भाग होय. त्यास वेळेवर वेतन, संसर्गापासून संरक्षण, स्वतःची नियमित तपासणी व चांगले शिक्षण मिळाले पाहिजे. केवळ सेवाभावावर त्याचे घर चालत नाही. २०२५ साली अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली, तेव्हा अनेक देशांत क्षयरोगाचे काम करणाऱ्या स्थानिक सेवकांच्या नोकऱ्या गेल्या. सेवक गेला की रोग्याचे औषध चुकते आणि चिवट जंतूंचे फावते.

२०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने अनेक रोग्यांसाठी सहा महिन्यांचा नवा उपचार सुचविला आहे. मुदत घटली, तरी गोळी आपल्या पायांनी घरी चालत येत नाही. दान देताना आपण औषधांची यादी पाहतो. तिच्याखाली सेवकाचे वेतन मांडले आहे की नाही, हेही पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.