भायखळा-परळचा मतदार आणि त्याची मते

भायखळा-परळ हा मुंबई प्रांताच्या विधानसभेचा मतदारसंघ आज उरलेला नाही. पण १९३७ साली डॉ. आंबेडकर याच गिरणगावातून निवडून आले. पुणे कराराप्रमाणे जागा राखीव, तरी मतदान सर्वांचे. काँग्रेसने समोर उभे केले ते १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे पालवणकर बाळू! डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

येथे मतदार किती एवढे विचारून भागत नाही. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई प्रांतात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा असे. थोडी माणसे एकदिलाने चालली की त्यांचा माणूस निवडून येई. आम्हांला ही सोय मोठी शहाणपणाची वाटते.

१९५२ साली लोकसभेच्या मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघात मते दोनच होती आणि दोन्ही एकाला देता येत नव्हती. तेथे नारायण काजरोळकरांनी डॉक्टरांना हरविले. कारणे अनेक होती. हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच गेले आणि मतदाराच्या हाती एकच मत राहिले.