तीन शतके पाहिलेला यंत्रज्ञ

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे उरतात, वैमानिकांच्या शौर्यकथा उरतात. परंतु ज्याच्या हातून तपासून निघाल्याखेरीज विमान आकाशात झेपावत नाही, त्या यंत्रज्ञाची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ब्रिटनचे हेन्री ॲलिंगहॅम हे अशाच यंत्रज्ञांपैकी एक. १८ जुलै २००९ रोजी, वयाच्या ११४व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते जगातील सर्वाधिक वयाचे पुरुष होते. मात्र त्यांचे मोठेपण केवळ वर्षांच्या मोजदादीत नाही. आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, अनेक दशकांचे मौन सोडून त्यांनी जे काम हाती घेतले, त्यात ते आहे.

त्यांचा जन्म ६ जून १८९६ रोजी लंडनमध्ये झाला. ते जेमतेम चौदा महिन्यांचे असताना वडील क्षयाने गेले. आईने आणि आजी-आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धास तोंड फुटले, तेव्हा लष्करात जाण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. परंतु आजारी आईने थांबवले आणि ते थांबले. १९१५ मध्ये आईचे छत्र हरपल्यावरच त्यांनी सैन्याची वाट धरली. मोटारगाड्यांचे सांगाडे बांधण्याच्या कामाचा अनुभव गाठीशी असल्याने रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस या नौदलाच्या हवाई शाखेत ते ‘एअर मेकॅनिक’ म्हणून रुजू झाले.

त्या काळचे विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि तारांचे जाळे. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा हवाई छत्रीही मिळत नसे. एखादी तार सैल राहिली किंवा इंजिन मध्येच बंद पडले, तर वैमानिकाच्या जिवावर बेतणार हे उघड होते. यंत्रज्ञाच्या हातातील पान्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून होता. आणि सुखरूप परतलेल्या विमानाचे श्रेय मात्र त्याच्याकडे क्वचितच येई.

३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंडची लढाई झाली. सुमारे अडीचशे जहाजे समोरासमोर आली आणि साडेआठ हजारांच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. सागरी विमान वाहून नेणाऱ्या ‘किंगफिशर’ या लहानशा जहाजावर ॲलिंगहॅम त्या वेळी कामावर होते. विसावा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता. पाण्यावर आपटून उसळत जाणारे तोफगोळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १९१७ मध्ये त्यांची रवानगी पश्चिम आघाडीवर झाली. कोसळलेल्या विमानांचे उपयोगी भाग शोधून आणणे आणि दुरुस्ती करणे हे तेथील काम. ईप्रच्या परिसरात एका रात्री ते तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात कोसळले. आत मानवी देहांचे अवशेष आणि उंदीर होते. अंधारात हालचाल करणे धोक्याचे असल्याने उजाडेपर्यंत ते तेथेच राहिले. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्सची स्थापना झाली आणि ते तिचे संस्थापक सैनिक ठरले.

त्याच वर्षी त्यांचा डोरोथी यांच्याशी विवाह झाला. सेवामुक्त झाल्यावर ॲलिंगहॅम पुढे फोर्ड मोटार कंपनीत दाखल झाले. दोन मुली, नोकरी, घर असा साधा संसार सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे यंत्रज्ञान पुन्हा उपयोगी पडले. जर्मनीच्या चुंबकीय सुरुंगांवर उपाय शोधण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९३९ च्या नाताळच्या दिवशी ते भरल्या ताटावरून उठून या कामास गेले. डोरोथी यांची साथ १९७० पर्यंत लाभली.

मात्र या सुखी संसारात एक दार कायम बंद होते. पहिल्या महायुद्धाविषयी ते घरातही बोलत नसत. पत्नी गेली, पुढे दोन्ही मुलीही गेल्या. शंभरी उलटलेले ॲलिंगहॅम ईस्टबोर्न येथे एकटेच राहत होते. युद्धातील वृद्ध सैनिकांसाठी काम करणारे डेनिस गुडविन त्यांच्याकडे येऊ लागले, तेव्हा जुने काही उकरून काढण्याची त्यांची तयारी नव्हती. गुडविन येत राहिले, ऐकत राहिले. हळूहळू ते दार उघडले. त्यानंतर दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाही ॲलिंगहॅम शाळाशाळांतून मुलांना भेटत, समारंभांस जात. त्यांचे सांगणे एकच असे : मला नव्हे, जे परतले नाहीत त्यांना लक्षात ठेवा. २००८ मध्ये गुडविन यांच्या साहाय्याने त्यांचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले.

११ नोव्हेंबर २००८ रोजी, युद्धसमाप्तीस ९० वर्षे झाली त्या दिवशी, लंडनच्या स्मारकापाशी तीन वृद्ध सैनिक उपस्थित होते : हवाई दलाचे ॲलिंगहॅम, भूदलाचे हॅरी पॅच आणि नौदलाचे बिल स्टोन. पुष्पचक्र स्वतःच्या हाताने वाहावे म्हणून ११२ वर्षांचे ॲलिंगहॅम चाकांच्या खुर्चीतून उठू पाहत होते. शरीराने साथ दिली नाही. पुढील जुलै सरण्यापूर्वी तिघांनीही जगाचा निरोप घेतला. गुडविन यांनी दार ठोठावण्यास दहा वर्षे उशीर केला असता, तर एका साक्षीदाराची कहाणी त्याच्यासोबतच गेली असती.

त्याच महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली होती. महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही संगमरवरी शिलालेख आढळतात. गावातून किती जण गेले आणि किती जणांनी प्राण दिले, एवढेच त्यांवर कोरलेले असते. आकडा उरला, आठवणी बहुतांशी गेल्या.

दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देतात. आता तो घरबसल्याही देता येतो. तरीही अनेक ज्येष्ठ, त्यांत माजी सैनिक आणि कारागीरही, आवर्जून शाखेत येतात. स्वाक्षरी घेऊन कागद पुढे सरकवण्यास क्षणभर पुरतो. ‘आपण कोठे होता, काय काम करीत होता?’ एवढे विचारून थांबण्यास आणखी पाच मिनिटे लागतात. ती देण्याजोगी आहेत; आणि घरातील आजोबांसाठी तर त्याहून अधिक.